सोप्रानोची खिडकी, आल्टोची चौथी सीट

नाताळ महिन्याभरावर आला की आचोळ्यातील आमच्या सोसायटीच्या कार्यालयात रात्री साडेआठनंतर खुर्च्या चार रांगांत मांडल्या जातात. एरवी ज्या खोलीत पाण्याच्या टँकरवरून आणि पार्किंगवरून वाद झडतात, तिथे महिनाभर कॅरलची तालीम चालते. प्रस्तुत लेखक गेली काही वर्षे या तालमीत मागच्या रांगेत बसतो. तो ख्रिस्ती नाही, गायक तर नाहीच नाही. आवाज जाड आहे आणि घर वरच्याच मजल्यावर आहे, एवढीच त्याची पात्रता.

तिथे पहिल्या दिवशी शिकायला मिळाले ते स्वर नव्हेत, स्वभाव. सोप्रानो नखरेल, आल्टो सोशिक, टेनर गर्विष्ठ आणि बेस आळशी, असे शेजारच्या गृहस्थांनी कानात सांगितले आणि आपली थट्टा कोणत्या कलमाखाली होणार आहे याची आगाऊ कल्पना दिली. जगात जिथे जिथे चार आवाजांचे वृंदगान होते तिथे तिथे हे विनोद सांगितले जातात. लंडनच्या कॅथीड्रलमधले विनोद आचोळ्याच्या सोसायटीत जसेच्या तसे लागू पडावेत, ही गोष्ट कुतूहलाची आहे.

नालासोपाऱ्याच्या माणसाला हे चार स्वभाव समजावून सांगायला लोकल पुरेशी आहे. सोप्रानो म्हणजे खिडकी मिळावी म्हणून आधी उलट्या दिशेने विरारला जाऊन ‘रिटर्न’ येणारी प्रवासी. खिडकी तिचीच आहे याबद्दल तिच्या मनात शंका नसते, इतरांच्याही नसते. आल्टो चौथ्या सीटवर. अर्धे अंग बाकावर, अर्धे हवेत, आणि शिवाय उरलेल्या तिघींच्या पिशव्या हिच्या मांडीवर. टेनर दारात उभा. आत जागा रिकामी असली तरी तो दारातच उभा राहणार, कारण वाऱ्यावर केस उडाले पाहिजेत. आणि बेस? तो दोन बाकांच्या मध्ये उभ्या उभ्या झोपलेला असतो. दादरला तो उतरला की मगच लक्षात येते, अर्धी गर्दी त्याच्याच खांद्याला टेकून उभी होती.

आता हे चौघे मुळात आहेत कोण, ते पाहू. स्त्रियांचे उंच आणि खालचे असे दोन आवाज, पुरुषांचे उंच आणि खालचे असे दोन. बेसचा तळाचा स्वर सेकंदाला साधारण 80 कंपनांचा, तर सोप्रानोचा शिखरस्वर 880 च्या आसपास. म्हणजे या चार रांगांत मिळून जवळजवळ साडेतीन सप्तके बसलेली असतात. नावांचा इतिहास तर विनोदांहून विनोदी आहे. ‘टेनर’ हा शब्द ‘धरून ठेवणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला. मध्ययुगीन युरोपात चर्चची मूळ चाल लांबलचक स्वरांत धरून ठेवण्याचे काम या आवाजाकडे असे आणि बाकीचे आवाज तिच्याभोवती वेलीसारखे चढत. टेनरच्या वर जाणारा आवाज तो ‘आल्टुस’, म्हणजे उंच; खाली उतरणारा तो ‘बासुस’. पुढे या सगळ्यांच्या डोक्यावर सोप्रानो, म्हणजे ‘वरचा’, येऊन बसला आणि स्त्रियांच्या खालच्या आवाजाला मात्र ‘उंच’ हे नाव तसेच चिकटून राहिले. नावात उंची, वाट्याला खालचा पाट. आल्टोची कहाणी तिच्या नावातच लिहिलेली आहे.

आपल्याकडे समूहाने गाणे नाही असे मुळीच नाही. कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी उभे असतात, पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी, तमाशात सुरत्या. पण यांतला प्रत्येक जण पुढच्याने घेतलेला सूरच उचलतो. ‘री ओढणे’ हा वाक्प्रचार मराठीत त्यातूनच रुजला. चार आवाजांच्या गाण्यात नेमके याच्या उलट आहे. शेजाऱ्याची री ओढली की चुकले. तो वर जात असताना आपण खाली यायचे, तो शब्द लांबवत असताना आपण तोडायचा, आणि तरी दोघांनी एकच गाणे गायचे. भजनावर वाढलेल्या कानाला हा प्रकार प्रारंभी उर्मटपणाचा वाटतो. आमच्या तालमीत पहिल्या आठवड्यात निम्मी मंडळी एका कानात बोट घालून गातात.

या पद्धतीची एक व्यावहारिक सोय मात्र मान्य करायला हवी. स्त्री-पुरुष मिळून भजन म्हणायला बसले की पट्टीचा तंटा ठरलेला. पुरुषांना काळी एक सोयीची, बायकांना काळी चार किंवा पाच. पेटीवाला काळी एक धरतो तेव्हा बायका पुटपुटतात, काळी पाच धरतो तेव्हा पुरुष किंचाळतात. चार आवाजांच्या रचनेत ज्याच्या गळ्याला जे झेपते तेच त्याच्या वाट्याला येते. घशाच्या ठेवणीनुसार माणसांची वाटणी होते, आणि वाटणी झाली की स्वभाव चिकटायला वेळ लागत नाही.

सोप्रानोपासून सुरुवात करू, नाहीतर त्यांना राग येईल. तिला नखरेल म्हणतात, पण तिच्या नखऱ्याचे कारण रचनाकाराने लिहून ठेवलेले असते. बहुतेक स्तोत्रांत आणि कॅरलमध्ये मूळ चाल वरच्या आवाजाकडे असते. ती चाल तिला लहानपणापासून पाठ. तालमीत इतर तीन रांगा आपापली ओळ अक्षरशः घोटत असताना सोप्रानो मोबाइल पाहतात, कारण त्यांचे काम पाच मिनिटांत झालेले असते. गाण्यात इतरही कोणी आहे हे त्यांना ठाऊक नसते, असा जो आरोप आहे तो यातून आला. हॅन्डलच्या ‘मसाया’तला, 1742 मध्ये डब्लिन येथे प्रथम सादर झालेला, हालेलुया कोरस आठवा. त्यात एका जागी सोप्रानो एकेक स्वर लांबवत पायरीपायरीने वर चढतात आणि खालची मंडळी ‘हो, हो’ म्हणणाऱ्या दरबाऱ्यांसारखी उत्तरे देत राहतात. असे रोज गायला मिळाले तर कोणाचीही मान थोडी ताठ होईल.

‘सोप्रानोंचे शब्द कळत नाहीत’ ही दुसरी तक्रार. त्यात आळस नसून भौतिकशास्त्र आहे. ‘आ’ आणि ‘ई’ यांतला फरक आपल्या कानाला तोंडाच्या पोकळीतील अनुनादांवरून कळतो. गायचा स्वरच त्या अनुनादाच्या वर गेला की फरक दाखवायला जागाच उरत नाही आणि सगळे स्वर ‘आ’कडे झुकू लागतात. अगदी वरच्या टोकाला ‘येशू’ आणि ‘याशू’ यांत भेद करणे थोर गायिकेलाही अवघड जाते.

शिवाय, ज्या जागेची एवढी थट्टा होते ती जागा स्त्रियांना शतकानुशतके मिळालेलीच नव्हती. मठांतल्या भगिनी सोडल्या तर कॅथलिक चर्चच्या गायकवृंदात वरचा आवाज मुले गात, किंवा लहानपणीच आवाज ‘राखून’ ठेवलेले पुरुष. त्या दुर्दैवी परंपरेतील अलेस्सांद्रो मोरेस्की यांचा आवाज 1902 आणि 1904 मधल्या ध्वनिमुद्रणांत आजही ऐकता येतो. 1903 मध्ये पोप दहावे पायस यांनी काढलेल्या आदेशातही गायकवृंदात स्त्रियांना स्थान नाही असे स्पष्ट म्हटले होते. पुढे 1955 मध्ये बारावे पायस यांनी काही अटींवर ती बंदी सैल केली. तेव्हा सोप्रानो थोड्या मिरवतात, तर मिरवू द्यावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आल्टोची गोष्ट निराळी. इतर तिघांना काही तरी वाटून झाल्यावर उरलेले स्वर आल्टोला मिळतात, असा विनोद आहे आणि तो बराचसा खरा आहे. सोप्रानोला चाल हवी, बेसला पाया हवा, टेनरला मधूनच एखादी चमक हवी. मग राहिलेली भोके कोणी बुजवायची? आल्टोने. परिणामी तिची ओळ कधी कधी अशी असते की तीच ती पट्टी सहा वेळा, मग अर्धी पायरी खाली, मग पुन्हा वर. ती ओळ एकटीने गुणगुणली तर घरच्यांना वाटते, हिला गाणे येत नाही. ‘तुम्ही काय गाता ते एकदा म्हणून दाखवा’ असे पाहुण्यांनी म्हटले की आल्टोवर जो प्रसंग ओढवतो तो सोप्रानोवर कधी येत नाही.

ही ओळ नेमके काय करते, हे ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी करून पाहावे. सा आणि प एकत्र दाबा. भक्कम पण कोरा असा आवाज येतो. त्यात आनंदही नाही, दुःखही नाही. आता त्यात शुद्ध गंधार मिसळा. खोलीत दिवा लागल्यासारखे होते. तो काढून कोमल गंधार घाला. तेच घर, पण कोणीतरी नुकतेच निघून गेल्यासारखे. चार आवाजांच्या रचनेत हा गंधार बऱ्याचदा मधल्या आवाजांकडे असतो, आणि मधल्यांत टेनर जर नेहमीप्रमाणे उशिरा यायचा असेल तर आल्टोकडेच. गाणे हसरे की उदास, हे ठरवणारा स्वर जिच्या हाती तिचे नाव श्रोत्यांपैकी एकालाही माहीत नसते.

म्हणून आल्टो सोशिक असते म्हणतात. माझ्या पाहण्यात ती सोशिकपेक्षा सावध जास्त असते. दोन्ही बाजूंना चुकीचा सूर सांगणारे आवाज असताना आपला सूर न सोडणे हे तिचे रोजचे काम. त्यामुळे तिचे कान तयार होतात आणि जीभही. लग्नघरात थोरली जाऊ जशी कोणत्या डब्यात किती लाडू उरले ते न बघता सांगते, तशी आल्टो कोणत्या ओळीत कोण चुकले ते सांगते. सहसा ती मोठ्याने सांगत नाही, शेजारणीला सांगते, आणि शेजारणीही आल्टोच असल्यामुळे दोघी हसतात. वृंदगानातील सर्वांत तिखट विनोद आल्टोंच्या रांगेत जन्माला येतात असा माझा संशय आहे.

टेनर हा वृंदाचा जावई. कारण अर्थशास्त्रीय आहे: पुरवठा कमी. बहुसंख्य पुरुषांचा आवाज मधल्या पट्टीतला असतो, त्याला बॅरिटोन म्हणतात. वृंदात बॅरिटोनला जागा नाही, म्हणून त्याची रवानगी बेसमध्ये होते. वरचे स्वर न ताणता लावणारा खरा टेनर विरळा. तो आला की खुर्ची पुसली जाते, उशिरा आला तरी ‘ट्रॅफिक असेल’ असे इतर जण आपणहून म्हणतात. एवढे कौतुक झाल्यावर त्याने शेवटचा स्वर गरजेपेक्षा दोन मात्रा जास्त धरला, तर दोष कोणाचा? नालासोपाऱ्यात या टंचाईत लोकलची भर पडते. चर्चगेटहून सुटून घरी पोहोचायला रात्रीचे नऊ वाजतात. आमच्या तालमीत दोन टेनर आहेत, आणि दोघे एकाच दिवशी वेळेवर आल्याचा प्रसंग मला आठवत नाही.

बेसविषयी मी काय लिहावे? आम्ही चहा सांगतो, खुर्च्या उचलतो आणि बराच वेळ सा आणि प या दोनच घरांत ये-जा करतो. आमच्यावर आळसाचा आरोप आहे. आम्ही त्याचे उत्तर तयार करत आहोत.

वसईच्या परिसरात चर्चमधील गाणे अर्थातच आजचे नाही. 1534 मध्ये हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला, 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला जिंकला. सत्ता गेली, पण गावोगावची देवळे आणि माणसांची श्रद्धा मागे राहिली. लॅटिन भाषेतील उपासना 1962 ते 1965 या काळात झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठीत आली, आणि मराठीबरोबर पेटी-तबला आणि भजनाच्या वळणाच्या चालीही आल्या. त्या बहुतेक सर्वांनी मिळून एकाच चालीत गायच्या. वसईच्या पश्चिमेकडील जुन्या गावांत आजही खरा जीव तिथेच आहे. चार रांगांचे गाणे आमच्याकडे येते ते नाताळच्या कॅरलमधून, आणि गोवा, मंगळूर, केरळ, तामिळनाडूकडून येऊन नालासोपारा पूर्वेच्या इमारतींत स्थिरावलेल्या घरांमधून. गोव्यात चर्चच्या शाळांतून मेस्त लहान मुलांना स्वरलेखन शिकवीत. त्याच शिकवणीतले वादक पुढे मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीच्या वाद्यवृंदांत वाजवू लागले. मुंबईत 1956 मध्ये व्हिक्टर परांज्योती यांनी स्थापन केलेल्या परांज्योती अकॅडमी कोरसने चार आवाजांचे गाणे चर्चबाहेरच्या रसिकांपर्यंत नेले, आणि 1967 मध्ये त्यांच्या निधनानंतर कुमी वाडिया यांनी ती धुरा अनेक दशके वाहिली. संचालनाची काठी स्त्रीच्या हाती असणे त्या काळी जगातही दुर्मीळ होते.

आता खरा प्रश्न. माणूस नखरेल म्हणून सोप्रानो होतो, की सोप्रानो झाल्यावर नखरेल होतो? स्वरयंत्रातल्या पट्ट्यांची लांबी आणि स्वभाव यांचा संबंध असेल यावर माझा विश्वास नाही. पुरुषांच्या पट्ट्या लांब आणि जाड, म्हणून आवाज खालचा. त्यात नम्रता किंवा गर्व कुठे बसवणार? पण रोज संध्याकाळी दोन तास एखादी विशिष्ट जागा सांभाळली की ती जागा माणसाला वळण लावते हे मात्र मी डोळ्यांनी पाहिले आहे. शिवाय जागा कायमची नसते. मुलांचे आवाज फुटतात. पन्नाशीनंतर बऱ्याच स्त्रियांचा आवाज थोडा खाली उतरतो, तर अगदी म्हातारपणी पुरुषांचा किंचित वर चढतो. जागा बदलल्यावर त्या स्वभावाचे काय होते, ते पाहण्याचा योग आम्हाला आला. तसा तो यायला नको होता.

2024 च्या अखेरीपासून 2025 च्या आरंभापर्यंत आचोळ्याच्या हद्दीतील 41 अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशानुसार पाडल्या गेल्या. शेकडो कुटुंबे पांगली. त्यांतले एक कुटुंब आमच्या तालमीतले होते: दोघी जावा, दोघीही आल्टो, आणि धाकटीचा नवरा, बेस. त्यांनी विरारच्या पलीकडे भाड्याने घर घेतले. रात्री तालीम संपवून परत जाणे त्यांना शक्य नव्हते. त्यानंतरच्या नाताळच्या तालमीला पहिल्या दिवशी नेहमीप्रमाणे चार रांगा मांडल्या आणि दुसऱ्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

गाणे सुरू झाले. चाल होती, पाया होता, शब्दही बरोबर होते. तरी दोन ओळींतच सर थांबले. आम्हा प्रत्येकाला वाटले आपणच चुकलो. कोणी चुकले नव्हते. पेटीवर सा आणि प एकत्र दाबल्यावर येतो तसा कोरा आवाज खोलीभर पसरला होता, एवढेच. उरलेली एकटी आल्टो जीव तोडून गात होती, पण तीन जणींचे काम एकीने करायचे म्हणजे तिचा आवाज सोप्रानोंच्या आठ गळ्यांखाली बुडणारच.

‘सोप्रानोंतून दोघी इकडे येतील का?’ सरांनी विचारले. पहिल्या रांगेत अशी शांतता पसरली की बाहेरच्या रिक्षांचे हॉर्न ऐकू येऊ लागले. खिडकी सोडून चौथ्या सीटवर कोण जाणार? अखेरीस ज्यांना आम्ही सगळे आंटी म्हणतो, ज्यांच्या वरच्या स्वराबद्दल संपूर्ण सोसायटीला आदर आणि शेवटच्या मजल्याला तक्रार आहे, त्या उठल्या आणि वही घेऊन दुसऱ्या रांगेत जाऊन बसल्या. त्यांच्या मागोमाग एक कॉलेजात जाणारी मुलगी आली. मध्यंतरात चहा देताना मी आंटींना म्हटले, ‘तुम्ही एवढा त्याग केलात.’ त्या म्हणाल्या, ‘कसला त्याग, भाऊ? दोन वर्षे झाली, वरचा स्वर लागतच नाही. मी नुसते तोंड उघडत होते.’

आठ सोप्रानोंत हे कोणाच्याही लक्षात आले नव्हते. सरांच्याही नाही. त्या एकटीला मात्र दर वर्षी डिसेंबरमध्ये ठाऊक होते, आणि सांगायला तिथे दुसरी कोणती जागा नव्हती.

नवी ओळ त्यांना जड गेली. चाळीस वर्षे चालच गाणाऱ्या गळ्याला मधल्या घरात थांबणे जमेना. दर चार ओळींनी त्या ओढल्या जाऊन सोप्रानोंत मिसळत आणि कॉलेजातली मुलगी त्यांचा पदर हळूच ओढी. कानात बोट घालून झाले, मोबाइलवर आपली ओळ मुद्रित करून भाजी चिरताना ऐकून झाले. विरारच्या पलीकडून थोरल्या जाऊबाई फोनवर ती ओळ म्हणून दाखवत. तिसऱ्या आठवड्यात केव्हा तरी गंधार जागेवर बसला. तो बसल्याचे प्रथम आम्हा बेसना कळले, कारण पायाखालची फरशी घट्ट झाल्यासारखे वाटले.

त्याच रात्री पहिल्या रांगेतून कोणी तरी एक स्वर दोन मात्रा जास्त ओढला. आंटींनी वही खाली ठेवली, शेजारणीकडे झुकून, आम्हा सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटले, ‘या सोप्रानोंना दुसरे कोणी गाते आहे ते ऐकूच येत नाही का गं?’